जुन्या गार्डन ट्रॅक्टरला नवं इंजिन: आधी माप, मग पाना

अमेरिकेत घर घेतलं, मागे एकरभर जागा आली, आणि शेजारच्या आजोबांनी गराज रिकामं करताना ‘घेऊन जा’ म्हणून जुना ट्रॅक्टर गळ्यात घातला. अशी सुरुवात झालेले चार-पाच मराठी लोक मला आता माहीत आहेत, त्यातला एक मी. माझ्या वाट्याला आला तो सत्तरच्या दशकातला व्हील हॉर्स सी-१२०. लाल रंग उडालेला, सीट फाटलेली, गिअरबॉक्स मात्र ठणठणीत. हे ट्रॅक्टर इंडियानातल्या साउथ बेंडचे. १९८६ मध्ये टोरोने ही कंपनी विकत घेतली, पण जुने ट्रॅक्टर अजून गावोगावच्या गराजमध्ये सापडतात. चासी आणि गिअरबॉक्स सहसा टिकतात, आधी जातं ते इंजिन.

माझंही गेलं. आमच्या गावाकडे विहिरीवर ऑईल इंजिन होतं आणि हँडल मारून ते सुरू करण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळे ‘इंजिन बदलायचं म्हणजे काय, चार बोल्ट!’ असा माझा तोरा होता. चार बोल्ट खरेच. पण मी इंजिन आधी विकत घेतलं आणि टेप नंतर हातात घेतली. त्या चुकीत तीन आठवडे, एक पुली आणि एक इग्निशन कॉइल गेली. तुमचं तेवढं तरी वाचावं म्हणून हे लिहितोय.

एक खुलासा आधीच. बॉनेट उघडून बघा. इंजिनाचा शाफ्ट आडवा, म्हणजे बाजूला निघत असेल तर हा लेख तुमच्यासाठी. तो खाली जमिनीकडे जात असेल तर तुमच्याकडे उभ्या शाफ्टचा लॉन ट्रॅक्टर आहे. त्याचं इंजिनही बदलता येतं, पण खालची मापं आणि प्लेटचं प्रकरण वेगळं. वायरचा भाग तेवढा नक्की वाचा.

## १. इंजिन खरंच गेलंय का?

माझ्या ट्रॅक्टरवर कोहलरचं के-३०१ होतं. एक सिलिंडर, १२ अश्वशक्ती, सगळं बीड. ही इंजिनं अशी सहजासहजी मरत नाहीत. त्यामुळे बदलायचा निर्णय घेण्याआधी एक दिवस द्या. कार्बोरेटर साफ करा, प्लगचं अंतर ३५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याचं, २० थाऊ करून बघा. निम्म्या ‘मेलेल्या’ इंजिनांचा रोग एवढाच असतो.

कॉम्प्रेशन गेजवर मात्र विश्वास ठेवू नका. के-३०१ मध्ये सुरू करताना जोर कमी लागावा म्हणून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) कॉम्प्रेशन थोडं सोडून देणारी यंत्रणा असते. हाताने किंवा स्टार्टरने फिरवलं की गेजचा आकडा कमीच येतो, आणि नवखा माणूस चांगलं इंजिन भंगारात काढतो. खरी परीक्षा लीक-डाउन टेस्टची: पिस्टन वरच्या टोकाला आणून, शाफ्ट फिरणार नाही असा अडवून, प्लगच्या छिद्रातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून म्हणजे इनटेक, तेलाच्या बाजूने म्हणजे रिंगा.

रिंगा आणि बोअर झिजले असतील तरी सगळं संपलं असं नाही. बोअर १०, २० किंवा ३० थाऊ मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवता येतो. पण या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडला खाली एक पळी असते, ती तेल उडवते आणि त्यावरच सगळं चालतं. तेल कमी पडलं की रॉड तुटतो, आणि तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. माझ्या इंजिनाचं हेच झालं होतं. चूक शेजारच्या आजोबांची नाही, माझीच. दोन हंगाम डिपस्टिक बघितली नव्हती. ब्लॉक फुटला असेल तर पुढचा विचार करायचा.

## २. इंजिन निवडताना

तीन वाटा आहेत, आणि मी सगळ्यात अवघड निवडली होती.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे त्याच घराण्यातलं इंजिन. कोहलरच्या के मालिकेनंतर मॅग्नम मालिका आली, आणि एम-१२ हे जवळपास के-३०१ चंच पुढचं रूप. वापरलेलं पण धड एम-१२ मिळालं तर डोळे झाकून घ्या. बसण्याची जागा जुळते. फरक इग्निशनमध्ये आहे, तो आठव्या पायरीत.

दुसरी वाट दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनाची: कोहलर कमांड किंवा ब्रिग्जचं व्हॅनगार्ड. ताकद जास्त, कंप कमी, चार्जिंग दमदार. गवत कापायचा डेक चालवायचा असेल तर माझं मत याच वाटेला. बॉनेटखाली जागा पुरते का एवढं मोजा.

तिसरी वाट होंडा जीएक्स-३९० किंवा त्याच धाटणीच्या स्वस्त नकलांची. जीएक्स-३९० म्हणजे ३८९ सीसी, पूर्वी १३ अश्वशक्ती म्हणून विकलं जायचं, आताच्या मोजणीत ११.७. कागदावर जुन्या १२ च्या बरोबरीचं. वजन सुमारे ७० पौंड. जुनं बिडाचं इंजिन शंभर पौंडांच्या वर जातं, त्यामुळे ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं हे लक्षात ठेवा. हे इंजिन दुकानात सहज मिळतं, म्हणून लोक (मीही) त्याकडे वळतात. घेताना शाफ्ट सरळ आणि चावीच्या खाचेचाच घ्या (ही चावी म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी लोखंडी पट्टी). हेच इंजिन जनरेटरसाठी निमुळत्या शाफ्टचं आणि पंपासाठी आट्यांच्या शाफ्टचंही येतं. ‘जवळजवळ नवीन, अर्ध्या किमतीत’ अशी जाहिरात दिसली की ते बहुधा जनरेटरवरून उतरवलेलं असतं, आणि त्या निमुळत्या शाफ्टवर आपली पुली बसत नाही.

## ३. पैसे देण्याआधी घ्यायची मापं

कागद-पेन्सिल घ्या. मोबाइलवर फोटो काढून ‘नंतर बघू’ म्हणू नका.

शाफ्टचा व्यास आधी. माझ्या के-३०१ चा शाफ्ट एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जीएक्स-३९० चा नुसता एक इंच. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये एका सुताचा फरक पोरगंसुद्धा बोटाने ओळखतं. मी कॅलिपर न लावता जुनी पुली नव्या शाफ्टवर ढकलली, ती खुळखुळ हलली, तेव्हा उजेड पडला.

मग शाफ्टची लांबी, इंजिनाच्या अंगापासून टोकापर्यंत. व्हील हॉर्सवर याला फार महत्त्व आहे. गवताचा डेक किंवा स्नो ब्लोअर चालवणारा हाताचा क्लच, म्हणजे पीटीओ, याच शाफ्टच्या टोकाला असतो आणि त्याचं बेअरिंग शाफ्टवरच बसतं. एक इंची आखूड शाफ्टवर तो क्लच जसाच्या तसा बसणार नाही. पर्याय म्हणून विजेवर चालणारा क्लच लावता येतो, पण तो चारेक अँपिअर करंट खातो. जीएक्स-३९० ची ३ अँपिअर चार्जिंगची आवृत्ती असेल तर बॅटरी हळूहळू उतरत जाणार. १८ अँपिअरची आवृत्तीही येते, पण ती आधीच मागावी लागते. मी शेवटी डेकचा नाद सोडला. माझा ट्रॅक्टर आता ट्रॉली ओढतो आणि हिवाळ्यात पुढच्या ब्लेडने बर्फ ढकलतो. गवताला वेगळं मशीन आहे.

तिसरं माप उंचीचं: चासीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंत. जुन्याचं वजा नव्याचं, जेवढा फरक तेवढी जाड प्लेट किंवा ठोकळे लागतील. उत्तर उणे आलं तर नवीन शाफ्ट उंच बसणार. मग पट्टा आणि बॉनेट दोन्ही तपासा.

फिरण्याची दिशाही बघा. कोहलर के आणि जीएक्स दोन्ही शाफ्टच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतात, तिथे प्रश्न नाही. दुसरं काही घेत असाल तर विचारून घ्या, नाहीतर सहा पुढचे गिअर मागे आणि दोन मागचे पुढे होतील. (हो, या ट्रॅक्टरच्या ‘आठ स्पीड’मध्ये दोन रिव्हर्सही धरलेले आहेत.)

## ४. सामान आणि कागद

हत्यारं:
- इंचाचे पाने आणि सॉकेट (ट्रॅक्टर सगळा इंचात) आणि मिलिमीटरचेही (जीएक्सचे बोल्ट त्यात)
- कॅलिपर, टेप, लांब सरळ पट्टी
- पुली काढायचा पुलर, टॉर्क पाना
- गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश
- ड्रिल, चांगल्या प्रतीचे बिट
- मल्टिमीटर
- भाड्याचा इंजिन होइस्ट, नाहीतर एक धट्टाकट्टा मित्र

सामान:
- नव्या शाफ्टच्या बोअरची पुली आणि पाव इंची चावी
- तीन सूत किंवा अर्धा इंच जाडीची लोखंडी प्लेट
- चांगल्या ग्रेडचे बोल्ट, लॉक नट, वायसर
- पेट्रोलचा नवा पाइप, फिल्टर, क्लॅम्प
- मॅग्नेटोचा चावीचा स्विच (मॅग्नेटो म्हणजे काय ते आठव्या पायरीत)
- इंजिन ऑईल

कागद म्हणजे ट्रॅक्टरच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर, जुन्या इंजिनावरचा स्पेसिफिकेशन नंबर, वायरिंगचा नकाशा आणि नव्या इंजिनाची पावती. व्हील हॉर्सची जुनी पुस्तकं टोरोकडून नेटवर मिळतात. वायरिंगचा नकाशा छापून भिंतीला लावा. तेलकट हातांनी फोन चाळत बसणं जमत नाही.

## ५. जुनं उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी. मग पेट्रोल डब्यात काढा. तेलही काढा, नाहीतर इंजिन आडवं करताना गराजभर पसरेल. प्रत्येक वायर काढण्याआधी तिला चिकटपट्टी लावून नाव लिहा. पट्टा काढण्याआधी तो कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या खालून गेलाय याचा फोटो घ्या.

पुली पन्नास वर्षांत शाफ्टला अशी चिकटते की जणू एकत्रच ओतली आहे. तिला बांधणारा बारीक स्क्रू असतो, कधी एकावर एक दोन असतात. वरचा काढला की खालचा दिसत नाही, आणि माणूस पुलरने जोर लावत बसतो. छिद्रात टॉर्च मारून बघा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. हातोड्याने शाफ्टच्या टोकावर घाव घालू नका. जुनं इंजिन सुट्या भागांसाठीही विकलं जातं, आणि वाकडा शाफ्ट कोणी घेत नाही.

मग ते चार बोल्ट. उचलताना एकट्याने उचलू नका, कंबर जाते.

## ६. आधी पुठ्ठा

नव्या इंजिनाच्या तळाची छिद्रं चासीच्या छिद्रांशी जुळणार नाहीत. (एम-१२ वाल्यांनी ही पायरी सोडावी.) मध्ये प्लेट लागते, आणि ती कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. साचा चासीवर ठेवा, खालून छिद्रं पेन्सिलने उमटवा. नवं इंजिन पुठ्ठ्यावर ठेवून हळूहळू सरकवा, पुली जुन्या पुलीच्या रेषेत आली की त्याची छिद्रं उमटवा. मी तीन पुठ्ठे फाडले. पुठ्ठा फुकट मिळतो, प्लेट नाही.

इंजिनासाठीची छिद्रं गोल न पाडता पट्ट्याच्या दिशेने अर्धा-पाऊण इंच लांबट करा. नंतर पट्टा ताणायला आणि रेषेत आणायला तेवढी जागा सोन्यासारखी वाटते. तेल काढायचा बोल्ट प्लेटच्या कडेला अडकत नाही ना, हे आत्ताच बघा. माझा अडकतो. दर वेळी तेल बदलताना मी स्वतःला शिव्या घालतो.

## ७. पुली आणि पट्टा

नव्या पुलीचा बाहेरचा व्यास जुनीइतकाच ठेवा. मोठी लावली तर ट्रॅक्टर प्रत्येक गिअरमध्ये जास्त पळेल, आणि त्याचे ब्रेक काही पळण्यासाठी केलेले नाहीत. डेकच्या बाजूची पुली मोठी झाली तर पाती जास्त फिरतील. अमेरिकेतल्या मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, मानकात पात्याच्या टोकाच्या वेगावर मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, ती उगाच नाही. त्याच कारणासाठी गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रूला हात लावू नका.

सरळ पट्टी इंजिनाच्या पुलीवर आणि गिअरबॉक्सच्या पुलीवर एकदम टेकवा. चारही ठिकाणी टेकली म्हणजे रेषेत. फट दिसली तर पट्टा कडेने खात जाईल. पट्टा मोअरसाठी बनवलेला घ्या. व्हील हॉर्समध्ये क्लच म्हणजे पट्टा सैल करणारी एक पुली असते, त्यामुळे पट्टा सतत घसरतो आणि पकडतो. गाडीचा साधा पट्टा तिथे टिकत नाही.

## ८. ती एक वायर

इथे घाई केली तर नवं इंजिन पहिल्याच दिवशी बंद पडेल. माझं पडलं.

जुन्या के-३०१ चं इग्निशन बॅटरीवर चालतं. चावी फिरवली की स्विचमधून १२ व्होल्ट कॉइलला जातात आणि ठिणगी पडते. चावी बंद केली की करंट तुटतो, इंजिन थांबतं. म्हणजे करंट आला तर चालू.

जीएक्स असो, एम-१२ असो, बहुतेक नव्या इंजिनांत मॅग्नेटो असतो. फ्लायव्हीलमधल्या चुंबकावर तो स्वतःची वीज स्वतः करतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्याला थांबवायचं तर त्याची एक वायर चासीला जोडायची, म्हणजे अर्थ करायची. अर्थ झाला तर बंद. दोन्हींचा कारभार अगदी उलटा.

आता सापळा असा की दोन्ही प्रकारचे स्विच दिसायला सारखे असू शकतात. तीच चावी, मागे तशीच पाच पाती. जुन्या स्विचची ‘इग्निशन’ची वायर नव्या इंजिनाच्या बंद करायच्या वायरला जोडली की चावी फिरवताक्षणी १२ व्होल्ट थेट मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये घुसतात. कॉइल जळते. आवाज नाही, धूर नाही, फक्त ठिणगी कायमची जाते. मी दोन दिवस कार्बोरेटरला दोष देत होतो.

म्हणून स्विच मॅग्नेटोचाच नवीन घ्या. त्याच्या पात्यांवर अक्षरं असतात: बी बॅटरीचं, एस स्टार्टरचं, एम मॅग्नेटोचं, जी अर्थचं. जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. चावी बंद असताना एम आणि जी एकमेकांना जोडलेले दिसले पाहिजेत, चावी चालूवर नेली की सुटले पाहिजेत. मग इंजिनाची बंद करायची वायर सुटीच ठेवून, तिला जी वायर जोडणार आहात त्यावर चावी चालू असताना व्होल्ट मोजा. शून्य हवेत. एक व्होल्ट जरी दिसला तरी जोडू नका.

क्लच दाबल्याशिवाय आणि पीटीओ बंद असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून असलेले सुरक्षा स्विच स्टार्टरच्या वायरवर होते तसेच ठेवा. पन्नास वर्षांत आधीच्या कोणीतरी ते वायर जोडून निकामी केलेले असतात. माझ्याकडे तसंच होतं. नवीन बसवा, किरकोळ खर्च आहे. घरात पोरं असतील तर सीटखालचा स्विचही लावा. मॅग्नेटोसाठी तो असा हवा की माणूस उठला की वायर अर्थ होईल.

## ९. पेट्रोल, सायलेन्सर, केबल

इंजिनावरची टाकी ठेवली आणि बॉनेट लागत नसेल तर ट्रॅक्टरची जुनी टाकी वापरा, पण आतला गंज काढून, पाइप आणि फिल्टर नवे घालून. जुनी टाकी कार्बोरेटरपेक्षा खाली असेल तर पंप लागतो. पेट्रोल, म्हणजे इथली ‘गॅस’, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालीच भरा. पंपावरची १५ टक्केवाली अशा इंजिनांना चालत नाही.

सायलेन्सरचं तोंड कुठे येतं ते बघा. माझ्याकडे ते वायरींच्या जुडग्याकडे होतं. मध्ये पत्रा लावला. फ्लायव्हीलच्या बाजूला हवा आत जायला मोकळी जागा हवी, बॉनेटच्या पट्टीने ती झाकू नका. थ्रॉटलची जुनी केबल बहुधा चालते, क्लॅम्पची जागा बदलावी लागते. चोकचं ज्याने त्याने जमवावं. मी सरळ इंजिनावरचाच खटका हाताने ओढतो.

## १०. पहिला स्टार्ट

नवं इंजिन खोक्यातून तेलाशिवाय येतं. हे वाक्य दोनदा वाचा. जीएक्स-३९० ला साधारण १.१ लिटर १०डब्ल्यू-३० लागतं. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून मोजा. तेल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तो उतारावरही फसतो. चढावर इंजिन अचानक थांबलं तर आधी तेल बघा, वायर नाही.

पट्टा न लावता सुरू करा. गराजचं दार उघडं ठेवा. पाच मिनिटं हळू चालवा, चावी बंद करा आणि इंजिन खरंच थांबतं का ते बघा. थांबलं नाही तर एमची वायर तपासा, आणि तोवर चोक ओढून बंद करा. मग पट्टा, मग पहिला गिअर, मोकळ्या जागेत.

पहिल्या तासाभरानंतर प्लेटचे, इंजिनाचे आणि पुलीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. एक सिलिंडरचा धक्का नवीन बोल्ट सैल करतोच. पहिलं तेल २० तासांनी किंवा महिन्याने बदला, पुढे दर १०० तासांनी. नाक हलकं वाटत असेल, आणि बर्फाच्या ब्लेडबरोबर ते वाटतंच, तर पुढे वजन बांधा. मी जुन्या जिममधल्या दोन चकत्या बांधल्या आहेत.

जुनं के-३०१ भंगारात देऊ नका. फुटक्या ब्लॉकच्या इंजिनाचंही कार्बोरेटर, स्टार्टर, फ्लायव्हील आणि हेड शोधणारे लोक असतात. माझ्याचं हेड आणि स्टार्टर गेले, उरलेलं गराजच्या कोपऱ्यात आहे. ब्लॉकच्या भोकात सध्या माझ्या मुलीने पाने ठेवले आहेत, मापाप्रमाणे लावून.